शेवटचा डबा, शेवटचा माणूस

(कोल्हापूर येथे एका ज्येष्ठ पत्रकाराने दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



करवीरनगरीत आगगाडी आली, त्याला आता सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली. १८८८ साली कोल्हापूर-मिरज लोहमार्गाची पायाभरणी झाली ती शाहू महाराजांच्या हस्ते. त्या वेळी त्यांचे वय अवघे तेरा-चौदा वर्षांचे होते आणि राज्याधिकार त्यांच्या हाती यायचे होते. १८९१ मध्ये या मार्गावरून गाडी धावू लागली. पुढे १९७१ मध्ये पुण्यापासून रुंद रूळ आले आणि कोल्हापूर मुंबईशी थेट जोडले गेले. आज कोल्हापूरचे स्थानक त्याच राजर्षींचे नाव अभिमानाने मिरवते आहे.

सकाळच्या वेळी या स्थानकावर उभे राहिले की दक्षिण महाराष्ट्राचे सारे जीवन डोळ्यांसमोरून वाहताना दिसते. वळिवडे, रुकडी, हातकणंगले, जयसिंगपूर, मिरज अशी सुमारे पन्नास किलोमीटरची ही वाट. पासधारक नोकरदार, महाविद्यालयीन विद्यार्थी, बाजाराला निघालेल्या माउल्या आणि मिरजेच्या रुग्णालयांकडे जाणारे रुग्ण या साऱ्यांची ती जीवनवाहिनी आहे. मात्र या गर्दीत कुबड्या घेतलेला, चाकाच्या खुर्चीवरचा किंवा पांढरी काठी टेकत चालणारा प्रवासी क्वचितच दिसतो. असे नागरिक आपल्या जिल्ह्यात नाहीत काय? २०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख आणि एकट्या महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग आहेत. मग ही माणसे गाडीत का दिसत नाहीत? कारण सरळ आहे. त्यांना गाडीत चढता येत नाही.

फूटभर उंचीचा डोंगर

प्रश्न समजण्यासाठी थोडे मोजमाप पाहावे लागेल. आपल्या रेल्वेच्या मापदंडाप्रमाणे उंच फलाट रुळाच्या पातळीपासून ७६ ते ८४ सेंटिमीटर उंचीचा असतो. डब्याची जमीन त्याहून वर, साधारण ११५ ते १३४ सेंटिमीटरवर असते. म्हणजे चांगल्या, उंच फलाटावरूनही किमान फूटभर आणि प्रसंगी त्याच्या जवळजवळ दुप्पट चढावे लागते. लहान स्थानकांवरचे सखल फलाट फार तर ४५ सेंटिमीटरचे. तेथे धडधाकट तरुणालाही दांडीला धरून स्वतःला वर ओढून घ्यावे लागते.

आता चाकाच्या खुर्चीचा विचार करावा. तिच्यासाठीच्या उताराचे प्रमाण एकास बारा मानले जाते. म्हणजे एक सेंटिमीटर चढण्यासाठी बारा सेंटिमीटर लांबी हवी. ३० सेंटिमीटर चढायचे तर ३ मीटर ६० सेंटिमीटर लांबीची उतरंड लागेल. आणि गाडी स्थानकात थांबते किती? एक-दोन मिनिटे. फूटभर उंची आणि दोन मिनिटे! आपल्या लेखी क्षुल्लक असलेल्या या दोन गोष्टी एखाद्या मुलीचे महाविद्यालय, एखाद्या तरुणाची नोकरी, एखाद्या रुग्णाचे उपचार कायमचे तोडून टाकतात. ज्याला गाडी मिळत नाही, त्याला भाड्याची रिक्षा किंवा मोटार परवडत नाही. तो घरी बसतो आणि समाज म्हणतो, 'बिचारा, नशीब त्याचे!' वास्तविक त्याला नशिबाने अडवलेले नसते, आपण बांधलेल्या पायरीने अडवलेले असते.

रेल्वेने काहीच केले नाही, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. भाड्यात भरीव सवलत आहे. २०२३ पासून मेल-एक्स्प्रेस गाड्यांच्या शयनयान डब्यात दिव्यांग आणि त्याच्या सोबत्यासाठी चार शायिका राखून ठेवण्याचा निर्णय झाला. अनेक लांब पल्ल्याच्या गाड्यांना रुंद दाराचा, मोठ्या प्रसाधनगृहाचा खास डबा जोडलेला असतो. पण तो असतो कोठे? गार्डच्या डब्याला लागून, गाडीच्या टोकाला! फलाटाचे छप्पर तेथवर पोहोचत नाही, दिवे मंद असतात, कित्येकदा फलाटही तेथे संपत आलेला असतो. जो सर्वांत कमी चालू शकतो त्याने सर्वांत लांब चालावे, अशी ही रचना आहे. आणि रोजच्या पॅसेंजरच्या प्रवाशाला तर तेवढाही दिलासा सर्वत्र मिळत नाही.

कायदा बदलला, दार बदलले का?

१९९५ साली संसदेने अपंग व्यक्तींच्या समान संधींचा कायदा केला. रेल्वेचे डबे, बस, प्रतीक्षालये त्यांना वापरता यावीत, असे त्यात नमूद होते. परंतु त्याच कलमात 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' अशी पळवाटही ठेवलेली होती. सरकारी कचेरीत एवढे तीन शब्द वीस वर्षांच्या विलंबाला पुरतात. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा अधिक स्पष्ट आहे. दिव्यांगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीसवर गेले, वाहतुकीची साधने सुगम करणे हे शासनाचे कर्तव्य ठरले आणि जुन्या सार्वजनिक इमारतींसाठी नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांची मुदत देण्यात आली. ते नियम जून २०१७ चे, म्हणजे ही मुदत २०२२ मध्येच उलटून गेली. पुढे ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की, सुगमतेचे निकष केवळ मार्गदर्शक असून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत; आणि त्यासाठी न्यायालयाने केंद्राला तीन महिन्यांची मुदत दिली.

मध्यंतरी डिसेंबर २०१५ मध्ये सुगम्य भारत अभियान सुरू झाले आणि त्याच महिन्यात पंतप्रधानांनी 'विकलांग' ऐवजी 'दिव्यांग' हा शब्द सुचवला. शब्द बदलला हे चांगलेच झाले, कारण शब्दाने दृष्टी बदलते. पण नुसत्या नावाने दार एका इंचानेही रुंद होत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये कोल्हापूर-पुणे वंदे भारत सुरू झाली. त्या प्रकारच्या गाडीत ब्रेलमधील आसनक्रमांक आहेत, चाकाच्या खुर्चीसाठी जागा आहे. पुण्याच्या मेट्रोत २०२२ पासून फलाट आणि डबा एकाच पातळीवर आहेत. म्हणजे ज्ञान आहे, पैसा आहे, अभियंते आहेत. मग हेच मोजमाप रुकडी-हातकणंगलेच्या फलाटापर्यंत का उतरू नये? अतिजलद गाडीचे तिकीट परवडणाऱ्यालाच सुगमता आणि पॅसेंजरच्या प्रवाशाला मात्र दांडी, हा न्याय नव्हे.

गर्दीचा धर्म

तथापि सारा दोष शासनाच्या माथी मारून मोकळे होता येणार नाही. मुंबईच्या लोकलमध्ये दिव्यांगांसाठी स्वतंत्र डबा आहे. मुंबई उच्च न्यायालयाने वेळोवेळी आदेश दिले, अंध प्रवाशांना डबा कोठे थांबणार हे कळावे म्हणून अनेक फलाटांवर त्या जागी विशिष्ट ध्वनी देणारी यंत्रे बसवण्यात आली. तरीही गर्दीच्या वेळी त्या डब्याच्या दारात कोण उभे असते? धडधाकट, सुशिक्षित, कचेरीत वेळेवर पोहोचण्याच्या घाईत असलेले तुमच्या-आमच्या घरातलेच लोक! राखीव डब्यात शिरणे हा रेल्वे कायद्याच्या १५५ व्या कलमाखाली गुन्हा आहे. पोलीस आले की डबा रिकामा होतो, पोलीस गेले की पुन्हा भरतो. शासनाने कायद्याने दिलेली जागा समाज दारात उभा राहून काढून घेतो. हे दृश्य फलाटाच्या उंचीहून अधिक लाजिरवाणे आहे. फलाट उंच करायला पैसा लागतो, दारातून बाजूला व्हायला फक्त मन लागते.

पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी एप्रिल १९६५ मध्ये मुंबईतच चार व्याख्यानांतून एकात्म मानव दर्शन मांडले. समाज हा देहासारखा आहे, एका अवयवाची वेदना सर्व देहाने जाणली पाहिजे, हा त्या विचाराचा गाभा. त्यांच्याच अंत्योदयाच्या विचाराला रेल्वेइतकी चपखल कसोटी दुसरी सापडणार नाही. गाडी किती वेगाने गेली, यावर तिची प्रतिष्ठा ठरू नये. शेवटच्या डब्यातला शेवटचा माणूस तिच्यात सन्मानाने चढला की नाही, यावर ती ठरावी.

करवीरचा वारसा

हा विचार कोल्हापूरला परका नाही. २६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या. ती भिक्षा नव्हती, हक्काची वाटणी होती. त्याच मातीत नसीमा हुरजूक यांचे कार्य उभे राहिले. ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर कमरेखालचे शरीर लुळे पडले. स्वतः चाकाच्या खुर्चीवर असलेल्या बाबूकाका दिवाण यांच्या भेटीने त्यांना जगण्याची दिशा मिळाली. त्यांनी नोकरी केली आणि १९८४ मध्ये 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभारली. उचगावचे 'घरौंदा' वसतिगृह हे तिचेच रूप. 'चाकाची खुर्ची' हे त्यांचे आत्मकथन महाराष्ट्राने वाचले. त्यातून एकच गोष्ट घ्यायची तर ती अशी, की उतरंड आणि रुंद दार मिळाले की परावलंबी म्हटले गेलेले माणूस इतर शेकडो जणांचा आधार होते.

शेजारच्या सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर यांचे उदाहरणही विसरता येणार नाही. १९६५ च्या युद्धात या जवानाने शत्रूच्या गोळ्या अंगावर झेलल्या. पुढे १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर जलतरणात त्यांनी भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. २०१८ मध्ये पद्मश्रीने त्यांचा गौरव झाला. अशा वीराच्या सत्काराला सभागृह भरते, ते योग्यच आहे. पण त्यांच्यासारखाच एखादा जायबंदी जवान उद्या फलाटावर उभा राहिला, तर त्याला वाट कोण देणार?

करण्याजोगे

जपानमधील सेइइची मियाके नावाच्या संशोधकाने १९६५ मध्ये अंधांना पायाने वाचता येईल अशी ठिपक्यांची लादी तयार केली. १९६७ मध्ये ओकायामा शहरातील एका रस्त्यावर ती प्रथम बसवली गेली. आज जगभरच्या फलाटांच्या कडेला दिसणारा पिवळा पट्टा तो हाच. आपल्याकडे त्याच पट्ट्यावर गाठोडी, हातगाड्या आणि विक्रेत्यांच्या टोपल्या ठेवलेल्या दिसतात, कारण तो पट्टा म्हणजे कुणाचे तरी डोळे आहेत हे आपल्याला कुणी सांगितलेलेच नाही. जपानच्या स्थानकांवर कर्मचारी घडीची उतरंड घेऊन दाराशी उभा राहतो. उतरायच्या स्थानकाला आधी कळवलेले असते, तेथेही दुसरा कर्मचारी सज्ज असतो. तेथे फलाट आणि डबा यांतील अंतर थोडे, म्हणून घडीची उतरंड पुरते. आपल्याकडे उंचीचा फरक मोठा, म्हणून हाताने चालवायचे उचल-यंत्र लागेल. पण निरोपाची ती शिस्त आणायला मोठा खर्च लागत नाही.

२००८ मध्ये नागपुरात स्थापन झालेली 'सक्षम' ही संस्था दिव्यांगांमध्ये काम करते आहे. तिच्या सोबतीने प्रत्येक नगरातील कार्यकर्त्यांना चार गोष्टी सहज करता येतील. एक, चाकाची खुर्ची आणि पांढरी काठी वापरणाऱ्या बांधवांना बरोबर घेऊन कोल्हापूर ते मिरज प्रत्येक स्थानकाची पाहणी करावी. फलाटाची उंची, उतरंड, नळ, प्रसाधनगृह, तिकीट खिडकी यांची मोजमापे घेऊन ती रेल्वेच्या पुणे विभागाकडे लेखी द्यावीत. मोघम तक्रारीला मोघम उत्तर मिळते, सेंटिमीटरमधल्या तक्रारीला उत्तर द्यावेच लागते. दोन, प्रवाशांच्या सल्लागार समित्यांवर दिव्यांग प्रतिनिधी असावा, असा आग्रह धरावा. तीन, राखीव डबा फलाटावर कोठे थांबणार, याची खूण आणि उद्घोषणा मागावी. चार, आणि हे उद्यापासूनच, रोजच्या पासधारकांचे गट करून दार मोकळे ठेवण्याची, हात देण्याआधी 'मदत हवी का?' असे विचारण्याची सवय लावावी. न विचारता ओढून घेणे ही मदत नव्हे, तो दुसऱ्याच्या स्वाभिमानावरचा आघात आहे.

वारीत पंढरीच्या वाटेवर लाखोंची गर्दी असते. तरी म्हातारा, आंधळा, लंगडा वारकरी तीतून पार पडतो, कारण ती गर्दी त्याला आपला मानते. वाट तीच, पाय तेच, फरक मनाचा. आषाढीला जी गर्दी माउली म्हणून एकमेकांच्या पाया पडते, तीच सोमवारी सकाळी फलाटावर एकमेकांना कोपर मारते. पंढरीच्या वाटेवरचा तो भाव सकाळच्या पॅसेंजरच्या दारापर्यंत आणणे, हेच आजचे समाजकार्य आहे. उद्या सकाळी गाडी लागेल. दारात उभे असलेल्याने एक पाऊल मागे घ्यावे आणि फलाटावरच्या माणसाला आधी चढू द्यावे.