विश्वस्ताच्या शेजारची खुर्ची



ट्रस्ट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर देवस्थान येतं, शाळा येते, धर्मादाय दवाखाना येतो. आज मी बोलणार आहे ते खासगी न्यासांबद्दल. एखादं कुटुंब आपल्यातल्या कुणासाठी तरी घर, ठेवी, शेअर बाजूला काढून ठेवतं आणि ते सगळं वर्षानुवर्षं सांभाळण्याची जबाबदारी विश्वस्तांवर सोपवतं. या विश्वस्तांच्या वतीनं रोजचा कारभार पाहणं हा माझा व्यवसाय. तो नवा नाही. भारतीय न्यास अधिनियम १८८२ सालचा आहे आणि सेंट्रल बँकेनं १९२९ मध्येच मृत्युपत्रं आणि न्यास सांभाळणारा विभाग सुरू केला होता. तरीही करिअर म्हणून या कामाकडे बघणारी मुलं-मुली थोडी आहेत. ज्यांना ते करावंसं वाटेल त्यांच्यासाठी, आणि त्यांना शिकवू शकतील अशा ज्येष्ठांसाठीही, हे चार शब्द.

आमच्याकडे येणाऱ्या आईवडिलांपैकी पुष्कळांचा प्रश्न एकच असतो : आमच्यामागे याचं कोण करणार? मूल स्वमग्न असतं, कुणाला सेरेब्रल पाल्सी असते, कुणाला बौद्धिक अक्षमता. मूल तिशीचं झालेलं असतं आणि आईवडील सत्तरीकडे झुकलेले. अशा व्यक्तीला अठरा वर्षांनंतरही पालक नेमून मिळावा म्हणून १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती तो पालक नेमते. पालकानं सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यायची आणि आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब सादर करायचा. पालक माणसाला सांभाळतो. पैसा सांभाळण्यासाठी अनेक कुटुंबं वेगळा न्यास करतात, आणि तिथून आमचं काम सुरू होतं.

न्यासपत्रात बहुधा असं वाक्य असतं, की लाभार्थीच्या पालनपोषणासाठी विश्वस्तांना योग्य वाटेल तसा खर्च करावा. योग्य म्हणजे काय, हे कागद सांगत नाही. एका न्यासात मुलाच्या खोलीत एसी बसवायचा प्रश्न निघाला. एक विश्वस्त म्हणाले, ही चैन आहे, पैसा पुढे आजारपणाला लागेल. त्यांचं म्हणणं काही चुकीचं नव्हतं. मुलाची आई तोवर गेलेली. पण आमच्या फाइलमध्ये जुन्या भेटीचं एक टिपण होतं. त्यात आईचे शब्द जसेच्या तसे उतरवले होते : "वैशाखात याला फिट्स वाढतात हो, मी ओल्या चादरी टांगते." विश्वस्तांनी टिपण वाचलं, डॉक्टरांना विचारलं आणि त्याच बैठकीत ठराव झाला.

ते टिपण लिहायला मला आमच्या सरांनी शिकवलं होतं. सर वकील. सुरुवातीला त्यांनी मला एकही मसुदा लिहू दिला नाही. जुन्या फाइली वाचायच्या आणि संध्याकाळी त्यांना सांगायचं, या घरात कोण कुणाशी बोलत नाही, कोण वारलं, कुणाची सही बदलली. मग ते मला अशिलांच्या घरी नेऊ लागले. तिथं बसायचं, ऐकायचं, समोर वही काढायची नाही. घरी गेल्यावर रात्रीच्या जेवणाआधी टिपण पूर्ण झालं पाहिजे, हा त्यांचा नियम. मी एकदा लिहिलं होतं, 'आईला मुलाच्या भवितव्याची चिंता वाटते'. सरांनी त्यावर काट मारली. म्हणाले, हे तर सगळ्याच आयांना वाटतं. ती काय म्हणाली ते लिही.

दर महिन्याचे पैसे लाभार्थीच्या खात्यात जमा झाले की फोन करायचं कामही माझ्याकडे होतं. एक तारीख म्हणजे एक तारीख. रविवार आला तर शुक्रवारीच कळवायचं. दोन दिवस उशीर झाला तर बँकेच्या हिशेबी काही बिघडत नाही, पण एकट्या राहणाऱ्या बाईला त्या दोन दिवसांत काय काय वाटून जातं, ते फोनवर बोलणाऱ्यालाच कळतं. त्या फोनांमधूनच माणसं मला ओळखू लागली.

अशिलाशी नातं म्हणजे त्याला खूश ठेवणं, असा समज मी खूप ठिकाणी पाहते. न्यासाच्या कामात तो घातक ठरतो. एका धाकट्या बहिणीच्या न्यासात सख्खा भाऊच सहविश्वस्त होता. त्याच्या धंद्यात अडचण आली. न्यासाच्या पैशातून कर्ज द्या, बँकेपेक्षा जास्त व्याज देतो, असं तो म्हणाला. कागदावर बहिणीचा फायदाच दिसत होता. पण विश्वस्तांनी आपल्यातल्याच एकाला न्यासाचा पैसा उसना देऊ नये, असं कायदा स्पष्ट सांगतो. सरांनी त्याला पत्र पाठवलं नाही. कार्यालयात बोलावलं, बायकोमुलांसमोर विषय काढला नाही, कायद्याचं कलम पुढ्यात ठेवलं आणि सरळ नाही म्हणाले. मग त्याच्या धंद्याचे कागद मागून घेतले आणि बँकेत अर्ज कसा करायचा ते तासभर समजावून सांगितलं. तो माणूस नाराज होऊन गेला, पण न्यास सोडून गेला नाही. बहिणीच्या दवाखान्याच्या खेपा आजही तोच घालतो.

फीचंही तसंच. न्यासपत्रात किंवा करारात तरतूद नसेल तर विश्वस्ताला आपल्या श्रमांचा मोबदला मागता येत नाही. म्हणून सर पहिल्याच भेटीत फीचा आकडा सांगत आणि तो न्यासपत्रात लिहून घेत. नव्या मंडळींना याचा फार संकोच वाटतो. संकोच करू नका. लपलेली रक्कम पुढे कधीतरी दिसतेच आणि मग सगळ्याच हिशेबावर संशय येतो.

आता मला ज्येष्ठांशी बोलायचं आहे. लाभार्थी मुलगी पंचवीस वर्षांची असेल तर तिचा न्यास आणखी पन्नास वर्षं चालवावा लागू शकतो. तुम्ही-मी तेवढे पुरणार नाही. एक विश्वस्त गेला तर दुसरा नेमायची सोय कायद्यात आहे, पण ओळख काही ठरावानं नेमता येत नाही. ती आईवडील हयात असताना, आपण स्वतः हिंडतफिरत असताना करून द्यावी लागते. सरांनी मला तशी ओळख करून दिली, निवृत्त होण्याच्या कितीतरी आधीपासून. मी आता वकिली शिकणाऱ्या एका मुलीला बरोबर नेते. कोथरूडच्या एका घरी सुरुवातीला आजोबा तिच्याकडे बघूनही बोलत नसत. हल्ली नातवाच्या दाखल्याची मुदत संपत आली की ते मला फोन करत नाहीत, तिलाच करतात. मला त्याचं फार समाधान वाटतं. अनेक कार्यालयांत ज्येष्ठ माणूस सगळे दुवे स्वतःच्या हाती धरून ठेवतो आणि कनिष्ठांना बँकेच्या फॉर्मपलीकडे काही दिसू देत नाही. त्यात अशिलाचं नुकसान आहे, हे मी ठामपणे म्हणेन.

या कामात शिरायचं कसं? इंग्लंडात १९९१ पासून 'स्टेप' ही या व्यावसायिकांची संघटना आहे, तिचे अभ्यासक्रमही आहेत. आपल्याकडे बहुतेक जण वकिली, सीए किंवा कंपनी सेक्रेटरी या वाटांनी येतात. हिशेब नीट वाचता आले पाहिजेत, मराठी आणि इंग्रजी दोन्हींत स्वच्छ पत्र लिहिता आलं पाहिजे. कर, ठेवी, प्रॉपर्टी कार्ड, वारसाचे दाखले हे सगळं हाताखाली राहून येतं. मात्र नोकरी निवडताना नुसतं कंपनीचं नाव बघू नका. तुमचं काम तपासणारी व्यक्ती कोण आहे, ती तुमचं लिखाण वाचून परत देते का, याची आधी चौकशी करा. आणि मुलाखतीत पगाराच्या बरोबरीनं एवढं जरूर विचारा : अशिलांच्या भेटीला मला कधीपासून नेणार?