आभार म्हणजे हप्ता नव्हे



मागच्या खेपेला मी पंचसूत्रीवर बोलले होते. बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशोब. तेव्हा रेडिओवरच्या ताई म्हणाल्या, आता बाजरी घरात आली, तुमच्या चर्चमध्ये हंगामाचा सण असतो, तर ख्रिस्ती घरात रोजच्या गोष्टींसाठी देवाचे आभार कसे मानतात ते सांगा. मी पटकन हो म्हणाले. वाटलं, यात काय अवघड आहे. लिहायला बसले आणि पेन अडलं. कारण याच आभारावरून मागच्या वर्षी मी एका बाईला दुखावलं होतं. ते लपवून बाकीचं सांगितलं तर खोटं बोलल्यासारखं होईल.

आधी आमच्या घराबद्दल थोडं. आम्ही अहिल्यानगर जिल्ह्यातले. कागदावर नाव बदललं, तोंडात अजून नगरच येतं. या भागातली ख्रिस्ती वस्ती जुनी आहे. अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला १८३१ साली सुरू झालं. आमची राहणी तुमच्यासारखीच. बाजरी, तूर, कांदा, दोन शेळ्या, चार कोंबड्या. ताटावर बसलो की मात्र लगेच घास उचलत नाही. डोळे मिटतो, घरातलं मोठं माणूस प्रार्थना करतं, सगळे आमेन म्हणतात, मग जेवण.

मी प्रार्थना केली तर दोन वाक्यांत संपते. बापा, आजचं अन्न दिलंस, तुझे आभार मानतो, येशूच्या नावानं मागतो, आमेन. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, यांची प्रार्थना मात्र लांब. बाजरीची कणसं खुडणाऱ्या बायका त्यात येतात. पिठात काटा न मारणारा गिरणीवाला येतो. नळाला पाणी सोडणारा येतो, मीठ येतं, शेळी येते, काल वेळेवर आलेली एसटीसुद्धा येते. माझा धाकटा एक डोळा उघडा ठेवून ताटाकडे बघत असतो. एकदा तो म्हणाला, आजी, भाकरी गार झाली. त्या म्हणाल्या, मग आमटीत चुर. आणि पुढे सुरू.

लग्न होऊन आले तेव्हा मला याचा कंटाळा यायचा, खरं सांगते. एकदा विचारलं, आत्याबाई, देवाला सगळं माहीत आहे, तर एवढी नावं कशाला? त्यांनी ७२ च्या दुष्काळातली गोष्ट सांगितली. तेव्हा त्या चौदा-पंधरा वर्षांच्या. आईबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या. कामावर सुकडी मिळायची आणि रेशनला परदेशातून आलेली लाल मिलो. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, मिलो म्हटलं की अजून तोंड वाकडं करतील. तिची भाकरी चिरायची, घशाखाली उतरायची नाही. त्या भाकरीवरही त्यांची आई डोळे मिटून आभार मानायची. एका रात्री आत्याबाई चिडल्या. म्हणाल्या, आई, असल्या भाकरीचे कसले आभार? आई म्हणाली, भाकरीचे नाही गं. आज पाचही जण एका तव्याभोवती बसलोय, त्याचे.

ती आई एकेकाचं नाव घेऊन आभार मानायची. मुकादमाचं नाव मात्र घ्यायची नाही, कारण तो हजेरी खायचा. हे सांगताना आत्याबाई अजून हसतात.

मला ही हजेरीची गोष्ट फार महत्त्वाची वाटते. आभार मानणं म्हणजे सगळं गोड मानून घेणं नाही. आपल्या बायकांना हे मुद्दाम सांगावं लागतं. मार खाऊन आलेल्या बाईला, घर तरी आहे ना तुला, देवाचे आभार मान, असं सांगणारे मी पाहिले आहेत. ख्रिस्ती घरांतही पाहिले आहेत. पवित्र शास्त्रातली स्तोत्रं वाचा, त्यात देवाशी भांडण आहे, किती दिवस आम्हाला विसरणार असा जाब आहे. ज्या पुस्तकात आभार आहेत त्याच पुस्तकात तक्रारही आहे.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मी चुकले ती गोष्ट अशी.

आमच्या गटात एक बाई आहे. मी तिला अक्का म्हणते, इथेही तेच म्हणेन. नवरा वारल्यापासून एकटीनं दोन एकर करते. तिनं गटातून पंधरा हजार कर्ज घेतलं आणि उन्हाळी कांदा केला. भाव नव्हता म्हणून कांदा चाळीत भरला. पुढे पावसाचा ओलावा लागला आणि चाळ सडायला लागली. ज्यांनी कांदा केला आहे त्यांना तो वास माहीत आहे, लांबून कळतं कुणाचं घर बसलं ते. एक हप्ता चुकला, दुसरा चुकला. सप्टेंबरच्या बैठकीत तिसरा चुकला. माझ्या मांडीवर वही उघडी होती. वरून वसुलीचं विचारणं होतं, बँकेचं कर्ज सगळ्या गटाच्या नावावर होतं. अक्का चाळीचं सांगायला लागली आणि मी मध्येच म्हणाले, अक्का, दर वेळी रडगाणं नको. देवानं धड हातपाय दिलेत, पोरं दिलीत. त्याचे आभार माना, कामाला लागा आणि हप्त्याचं बघा.

अक्का उठली. पदर सारखा केला आणि म्हणाली, ताई, तुमची चाळ सडली नाही ना, म्हणून तुम्हाला आभार सुचतात.

ती गेली. पुढच्या बैठकीला आली नाही. रविवारी भक्तीलाही येईना. आमच्या घरी तर हे कुणालाच सांगायची माझी हिंमत झाली नाही. पण खेडेगाव ते, आत्याबाईंना कळलंच. त्या तिच्याकडे जाऊन आल्या. रात्री मला एवढंच म्हणाल्या, ती हंगामाच्या सणालाही येणार नाही म्हणते. गटाचा हप्ता थकला, देवाचाही थकला, कुठं कुठं तोंड दाखवू, म्हणते.

इथं तुम्हाला सण सांगायला हवा. हंगाम झाला की मंडळीतलं प्रत्येक घर आपल्या रानातलं पहिलं काही तरी घेऊन येतं. दाराला बाजरीची कणसं आणि उसाची टिपरं बांधतात. पुढे मेथी, वांगी, भोपळे, अंडी, शेंगा यांचा ढीग. पाय बांधलेली कोंबडी पाळकसाहेबांच्या प्रवचनात हटकून ओरडते आणि पोरं खुसखुसतात. टाळ घेऊन भजनं होतात. त्यात नारायण वामन टिळकांची हमखास असतात. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि त्यांनी आम्हाला अभंग-ओव्यांच्या चालीत गाता येईल असं पुष्कळ दिलं. उपासना संपली की आणलेल्या वस्तूंचा लिलाव. एखादं लिंबू दोनशे रुपयांना जातं, घेणारा ते परत देतो, पुन्हा लिलाव होतो. पैसे मंडळीच्या कामाला. पुण्याला नोकरी करणारी पोरं त्या दिवशी आवर्जून येतात. मजा असते.

पण आमच्याकडे आणखी एक रीत होती. कुणी काय आणलं याची यादी मोठ्यानं वाचायची. लहानपणापासून ऐकत आले, त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. ज्या घराचं नाव यादीत येत नाही त्या घरच्या बाईला ती कशी ऐकू येत असेल, हे अक्काच्या बोलण्यानं पहिल्यांदा कळलं.

त्या रात्री आत्याबाई म्हणाल्या, दहा कुष्ठरोग्यांचं वाच. त्यांना अक्षरं लावत वाचता येतं, पण चष्मा चढवूनही दिवा कमी पडतो, म्हणून रात्रीचं वाचन माझ्याकडे. मला स्वतःला बारावीपुढे बीएपर्यंत शिकता आलं, ही मी रोजच्या देण्यांतली मोठी मानते. सावित्रीबाईंनी शिक्षिका होण्याचे धडे नगरला मिस फरार यांच्याकडे घेतले, असं त्यांच्या चरित्रात येतं. लक्ष्मीबाई टिळक तर शाळेत न जाता शिकल्या आणि ‘स्मृतिचित्रे’ लिहून गेल्या. या सगळ्या बायांच्या पुण्याईवर मी गटाची वही लिहिते. आणि तीच वही मांडीवर घेऊन मी अक्काला बोलले. असो.

तर लूकच्या शुभवर्तमानात सतराव्या अध्यायात ती गोष्ट आहे. दहा कुष्ठरोगी लांबून येशूला हाका मारतात. तो त्यांना याजकांकडे जायला सांगतो. वाटेतच ते बरे होतात. दहांतला एकच परत येतो, पाया पडतो, आभार मानतो. तो शोमरोनी असतो, म्हणजे यहुदी लोक ज्यांना परके समजत त्यांतला. येशू विचारतो, बाकीचे नऊ कुठे आहेत?

मी वाचून झाल्यावर म्हणाले, नऊ जण कृतघ्न निघाले. आत्याबाई म्हणाल्या, त्यांचा रोग परत आला असं लिहिलंय का, बघ बरं.

मी पुन्हा वाचलं. तसं काही लिहिलेलं नाही.

मग झालं तर, असं म्हणून त्या वळकटी घालायला लागल्या.

मला मात्र झोप लागली नाही. मी हिशोबाची बाई. घेतलं की परत द्यायचं, दोन रुपये शेकडा व्याजानं द्यायचं, चुकलं की ठराव करायचा, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. गट त्यावरच चालतो, त्यात चूक नाही. पण देवाचं ऊन-पाऊसही मी त्याच वहीत धरलं होतं. देवानं दिलं, आता आभाराचा हप्ता भरा, नाही भरला तर तोंड दाखवू नका. त्या नऊ जणांना येशूनं विचारलं, कुठे आहेत. वसुलीला कुणी पाठवला नाही. कोण जाणे, कित्येक वर्षांनी लेकरांना जवळ घ्यायला ते घराकडे पळाले असतील. एक जण परत आला तो आनंदानं, मोठमोठ्यानं ओरडत आला. त्याला कुणी यादी वाचून बोलावलं नव्हतं.

सकाळी मी अक्काकडे गेले. ती चाळीपुढे बसून कांदा निवडत होती. मी शेजारी बसले, निवडायला लागले. म्हणाले, अक्का, माझं चुकलं. ती काही बोलली नाही. बऱ्याच वेळानं म्हणाली, कोंब आलेले वेगळे टाका, वाफ्यात लावते, पात तरी निघेल. एवढंच. तासाभरानं चहा ठेवला.

पुढच्या बैठकीत अक्काचा विषय मीच मांडला. तीन महिने फक्त व्याज घ्यायचं, मुद्दल पुढे ढकलायची. सोपं झालं नाही. एक सदस्य म्हणाली, मागच्या साली माझी म्हैस मेली तेव्हा मला कुणी सूट दिली? तिचं खरं होतं. तिला सूट मिळायला हवी होती. आम्ही ते कबूल केलं आणि ठराव असा लिहिला की यापुढे पीक किंवा जनावर गेलं तर कोणत्याही सदस्याला हेच लागू. अंगठा आणि सह्या झाल्या. त्या दहा बायांत आम्ही तिघीच ख्रिस्ती, बाकी सगळ्या मराठा, बौद्ध, एक मुसलमान. ठरावावर पहिली सही त्या म्हशीवालीनं केली.

सणाला अक्का आली. उशिरा आली, दाराशी बसली. पदराखालून कोंब आलेल्या कांद्याच्या पातीची एक जुडी काढून ढिगावर ठेवली. लिलावात ती तीस रुपयांना गेली. पुढे कुणी बोली वाढवली नाही आणि परतही दिली नाही, घेणारीला खरोखरच भाजीला हवी होती. अक्का मला म्हणाली, बाजारात दहाला नेली असती लोकांनी.

यादीचं मी महिला मंडळात बोलले, मग पाळकसाहेबांशी बोलले. वाचायची नाही असं ठरलंय. मोठी रक्कम असली की कुणीतरी हळूच वाचतंच, पण पहिल्यापेक्षा कमी.

आत्याबाईंच्या जेवणाआधीच्या प्रार्थनेत आता कांदा निवडणाऱ्या बायकाही आल्या आहेत. धाकट्याची भाकरी अजून गार होते.

अक्काचे दोन हप्ते बाकी आहेत. पुढच्या मंगळवारी बैठक आहे, आपापल्या पासबुकासह वेळेवर या. नमस्कार.