जहाजावरील एकदिश वीज व तिचा बंदोबस्त
(वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



आपल्या काही घरांतील तरुण जहाजांवर विद्युत् अधिकारी म्हणून जाऊ लागले आहेत. "तेथे नेमके काम ते काय?" असे त्यांच्या मातोश्री आम्हांस पुसतात. त्याचे थोडे उत्तर आज देत आहो.

एडिसनचे दिवे जहाजावर प्रथम लागले ते १८८० साली, 'कोलंबिया' आगबोटीवर. तो प्रवाह एकदिश, म्हणजे डी. सी. होता. पुढे ए. सी.ने त्यास मागे सारले. २०१३ साली नॉर्वेच्या 'दीना स्टार' जहाजावर मुख्य वाटप पुन्हा डी. सी.चे झाले, कारण त्यात इंजिनास एकाच ठराविक गतीने धावावे लागत नाही व तेल वाचते.

परंतु बिघाडाच्या वेळी डी. सी. मोठी हट्टी. साठ आवर्तनांचा ए. सी. प्रवाह सेकंदास १२० वेळा शून्यावर येतो आणि स्विच उघडताना पेटलेली ज्योत त्या क्षणी विझते. डी. सी.स असे शून्य नाही; ज्योत ओढून, ताणून विझवावी लागते. त्यात नव्या जहाजांवर मोठाले कपॅसिटर असतात. शॉर्ट झाले की त्यांतील साठा काही सहस्रांश सेकंदांत एकाच जागी लोटतो. म्हणून मुख्य वाहकपट्टीचे दोन भाग करून मध्ये अर्धवाहकाचा स्विच ठेवतात. तो मायक्रोसेकंदांत तुटतो, निरोगी अर्धा भाग वाचतो व बिघडलेल्या शाखेचा फ्यूज आपले काम करतो. घरी फ्यूज उडाला तर मेणबत्ती लावता येते. भर वादळात सुकाणूस मेणबत्ती कसली लावणार?

दुसरा बिघाड याहून कपटी. जहाजावर बहुधा दोन्ही तारा लोखंडी सांगाड्यापासून अलग ठेवतात. एक तार सांगाड्यास लागली तरी काहीच बंद पडत नाही. जुन्या स्विचबोर्डावर दोन दिवे असत. ज्या तारेस दोष, तिकडचा मंद व दुसरा प्रखर होई. एवढीच काय ती सूचना.

आमच्या उमेदवारीत, एका जुन्या जहाजावर, धन बाजूचा दिवा तीन दिवस मंद होता. वरिष्ठ म्हणाले, "बंदरात पाहू." आम्हीही गप्प राहिलो; ते चुकलेच. चौथ्या रात्री समुद्र खवळला आणि एका मोठ्या पंपाची ऋण तार सांगाड्यास लागली. दोन्ही दोष सांगाड्यातून एकमेकांस मिळाले. पंपाचा फ्यूज जाड होता, तो टिकला. उडाला तो सुकाणूच्या मोटरीचा, कारण पहिला दोष तिच्याच तारेत होता. दुसऱ्या मोटरीवर सुकाणू घेईतो जहाज लाटांस आडवे झाले. ती बारा मिनिटे आम्ही आजही विसरलो नाही.

सकाळी त्या तारेच्या जोडपेटीचे झाकण काढले. एक स्क्रू सैल होता आणि आत चमचाभर खारे पाणी होते.