जाहिरात निघण्याआधी

(वाचनालयाच्या वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान, छपाईसाठी थोडे आटोपशीर केलेले)



पत्रिकेवर माझा विषय छापला आहे ‘आजचे तरुण आणि इंटरनेट’. या विषयावर बोलायला उभं राहिलं की पहिल्या दोन-तीन रांगांमधून एक अपेक्षा लगेच जाणवते. वक्त्याने मोबाइलच्या नादावर चार शब्द सुनवावेत आणि आपण माना डोलवाव्यात. आज ती अपेक्षा पुरी होणार नाही. मागे दाराजवळ मुलं उभी आहेत, त्यांच्यातली बरीचशी कुठल्या ना कुठल्या जाहिरातीची वाट बघत असणार. एमपीएससीची, तलाठी भरतीची, पोलीस भरतीची. आधी जाहिरात, मग फॉर्म, मग परीक्षेची तारीख, मग ती तारीख पुढे, मग निकाल, मग कोर्ट. पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये मुलांची अशी वर्षं जातात. त्यांना ‘वाट बघत बसू नका, पुढाकार घ्या’ असं सांगणं फार सोपं आहे, आणि ज्याच्या खात्यात दर महिन्याला पेन्शन जमा होते त्याने तर ते सांगूच नये.

मला सांगायचंय ते जरा वेगळं आहे. काही कामं कुणाचीच नसतात. कुठलंही खातं त्यांच्यासाठी जागा काढत नाही, कुठली कंपनी मुलाखत घेत नाही. इंटरनेटवर अशी कामं हातात घ्यायला कुणाला विचारावं लागत नाही. ती घेणारी मुलं प्रत्यक्षात काय करतात, ते आज जवळून बघू.

२०२० चा मार्च आठवा. २२ तारखेला जनता कर्फ्यू झाला, २५ पासून देश बंद. त्या महिन्यात ‘कोविड १९ इंडिया डॉट ऑर्ग’ नावाचं एक संकेतस्थळ सुरू झालं. तुमच्यापैकी अनेकांनी ते रोज संध्याकाळी उघडलं असेल आणि ते सरकारीच आहे असं धरूनही चालले असतील. ते सरकारी नव्हतं. ते चालवणारे स्वयंसेवक होते, बहुतेक तरुण: विद्यार्थी, नुकते नोकरीला लागलेले सॉफ्टवेअरवाले. वेगवेगळ्या शहरांत बसलेले, एकमेकांना कधी न भेटलेले. टेलिग्रामवर त्यांचा गट होता आणि माहिती भरायला गूगलचा साधा तक्ता. तेवढंच त्यांचं ऑफिस.

अडचण अशी होती की आकडे प्रत्येक राज्य आपापल्या पद्धतीने देत होतं. कुणाची पीडीएफ, कुणाचा ट्विटरवर टाकलेला फोटो, कुणाची स्थानिक भाषेतली प्रेस नोट. सगळे जिल्हे, तारखेवार, एका ठिकाणी आणि कुणालाही उतरवून घेता येतील असे सहज सापडत नव्हते. ते काम या मुलांनी उचललं. सुरुवातीला त्यांच्या तक्त्यात प्रत्येक रुग्णाची एक ओळ असे. कधी जाहीर झाला, वय, स्त्री की पुरुष, कुठलं शहर, कुठला जिल्हा, सध्याची स्थिती, लागण कुणाकडून झाली असावी. आणि शेवटी रकाने होते स्रोताचे, एक, दोन आणि तीन. ही माहिती कुठून घेतली त्याचा दुवा तिथे द्यायचा. या तक्त्यातला मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हा स्रोताचा रकाना. ‘माझ्यावर विश्वास ठेवा’ असं म्हणण्याची सोय त्याने ठेवलीच नाही. ज्याला शंका आहे त्याने दुवा उघडून बघावं.

आता आपल्या महाराष्ट्राचं तेव्हाचं रोजचं बुलेटिन घ्या. त्यात नाशिक वेगळं, नाशिक मनपा वेगळी, मालेगाव मनपा वेगळी. नकाशावर जिल्हा एकच. म्हणजे रोज तीन आकडे शोधा, बेरीज करा, कालच्याशी ताडून बघा. ठाण्याचं तर विचारूच नका, तिथे एका जिल्ह्यात किती महापालिका आहेत ते तुम्हाला माहीत आहे. वर ‘इतर राज्यांतील रुग्ण’ अशी एक ओळ, जिचा कुठल्याच जिल्ह्याशी मेळ बसत नाही. ही बेरीज एक दिवस कुणीही करेल. पण बुलेटिन रात्री यायचं, दुसऱ्या रात्री परत यायचं, आणि रविवारीही यायचं.

१६ जून २०२० ला राज्याने जुन्या नोंदींचा ताळमेळ घातला आणि १,३२८ मृत्यू एकदम जाहीर केले. त्यातले ८६२ मुंबईतले. हे लोक त्या एका दिवशी गेले नव्हते. तक्ता ठेवणाऱ्यापुढे प्रश्न असा: ते त्या दिवसात धरावेत, तर आलेख एकदम उभा चढतो आणि बघणारा घाबरतो. मागे सारावेत, तर कुठल्या तारखेला किती सारायचे? निर्णय काहीही घ्या, तो लिहून ठेवावा लागतो आणि विचारणाऱ्याला कारण सांगावं लागतं. तीस-पस्तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेल्या कितीतरी माणसांना आयुष्यात असा निर्णय स्वतःच्या जबाबदारीवर घ्यावा लागलेला नसतो. इथे तो विशीतल्या पोरांच्या गळ्यात पडत होता, आणि ते काम त्यांना कुणी दिलेलं नव्हतं. त्यांच्या आकड्यांवर वर्तमानपत्रं आलेख काढत होती, विद्यापीठांतले लोक अभ्यास करत होते.

हे सगळं इतकं खोलात सांगतोय त्याला कारण आहे. इंटरनेटवरचा पुढाकार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कॅमेऱ्यापुढे उभा असलेला माणूस येतो. रील, सबस्क्राइबर, ‘मी महिन्याला अमुक लाख कमावतो, तुम्हीही कमवा’ असं सांगणारा आणि शेवटी नऊशे नव्याण्णव रुपयांचा कोर्स विकणारा. त्या धंद्याला माझा विरोध नाही, काही मुलं त्यात खरोखर उत्तम काम करतात. पण तिथे लोकांनी आपल्याकडे बघितलं तरच आपलं काम पुढे सरकतं. म्हणजे तेही एक प्रकारे वाट बघणंच झालं. फक्त लोकसेवा आयोगाऐवजी अल्गोरिदमची.

फिनलंडमधल्या लिनस टॉरवाल्ड्स या जगप्रसिद्ध प्रोग्रामरची गोष्ट सांगायचा मोह होतो, पण सांगत नाही. ती गोष्ट ऐकून प्रत्येक मुलाला वाटतं की तो असामान्य होता आणि आपण नाही, आणि तो स्वस्थ बसतो. नाशिक आणि मालेगावची बेरीज करायला असामान्य असावं लागत नाही.

आपल्याकडे असं न विचारता काम हातात घेण्याला परंपरा नाही असं मात्र कुणी समजू नये. आज आपण ज्या प्रकारच्या व्याख्यानमालेत बसलो आहोत ती पुण्यात १८७५ साली सुरू झाली, आणि ती सुरू करणारे न्यायमूर्ती रानडे तेव्हा ३३ वर्षांचे होते. फोटोतली पगडी बघून आपल्याला ते सत्तरीचे वाटतात. त्याच्या एकच वर्ष आधी, १८७४ च्या जानेवारीत, विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाला’ काढली. वय २३. सरकारी शाळेत मास्तर. संपादक तेच आणि जवळजवळ सगळा मजकूरही त्यांचाच. सात वर्षांत ८४ अंक निघाले. त्यांची मतं आज आपल्याला सगळी पटणार नाहीत, फुल्यांवर त्यांनी जे लिहिलं ते तर मुळीच नाही. पण ८४ या आकड्याकडे बघा. पहिला अंक काढणारे मराठीत शेकड्यांनी झाले आहेत.

पुढे साठच्या दशकात मुंबईत लघुनियतकालिकं निघाली. अशोक शहाण्यांचं ‘असो’, राजा ढाले यांचं ‘येरू’. प्रस्थापित मासिकांचे संपादक आपलं लिखाण छापतील याची वाट बघायचं त्या पोरांनी सोडून दिलं होतं. सायक्लोस्टाइल काढायची, नाहीतर मिळेल त्या स्वस्त छापखान्यात जायचं, आणि अंक स्वतः हातोहात पोचवायचे. कागदाला पैसे नाहीत म्हणून कितीतरी नियतकालिकं दोन-चार अंक निघून बंद पडली. आज कागदाचा आणि शाईचा खर्च गेला, पोस्टाची तिकिटं गेली. दुसरा अंक काढण्याचा कंटाळा मात्र तसाच आहे, तो कुठल्याही तंत्रज्ञानाने घालवलेला नाही.

तुम्ही म्हणाल, साथीसारखं संकट रोज येत नाही, मग आम्ही करायचं काय? घरी गेल्यावर मराठी विकिपीडिया उघडा. तो १ मे २००३ ला सुरू झाला. त्यात आपल्या गावाचं नाव टाकून बघा. बहुधा पान निघेल, कारण हजारो गावांची पानं एकाच साच्यातून काढून ठेवलेली आहेत. अमुक गाव हे तमुक तालुक्यातलं एक गाव आहे, एवढं वाक्य. खाली मथळे: हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे, नागरी सुविधा, जवळपासची गावे. पुष्कळदा मथळ्यांखाली काहीच नसतं, आणि हवामान लिहिलेलं असेल तर तेही शेजारच्या गावाचंच, शब्दशः. आपल्या गावाची ही अवस्था जगातला कुणीही माणूस बघू शकतो आणि ‘संपादन’ हे बटण दाबून तुमच्यातला कुणीही बदलू शकतो.

बदलायला गेलात की पहिला धक्का बसेल. तुम्ही लिहाल, आमच्या गावचं ग्रामदैवत अत्यंत जागृत असून यात्रेला लाखो भाविक येतात. कुणीतरी ते काढून टाकेल आणि विचारेल, संदर्भ काय? राग येईल. मग चर्चेच्या पानावर जाऊन मुद्दा मांडावा लागेल, जनगणनेची पुस्तिका नाहीतर जिल्ह्याचं गॅझेटियर शोधावं लागेल. सरावासाठी तिथे ‘धूळपाटी’ आहे, सगळ्यांनी मिळून बोलायला ‘चावडी’ आहे. ही नावं ज्या कुणी ठेवली त्यांना माझा नमस्कार. आणि ‘इतिहास’ दाबला की त्या पानावर कोणी, कधी, कुठला शब्द बदलला याची ओळन् ओळ दिसते. कॉलेजात तीन वर्षं काढूनही आपलं वाक्य अनोळखी माणसासमोर पुराव्यासकट टिकवण्याची वेळ पुष्कळ मुलांवर येत नाही. इथे ती पहिल्याच आठवड्यात येते.

असं आधी करून ठेवलेलं काम कधी उपयोगी पडेल ते सांगता येत नाही. काठमांडूत २०१३ साली ‘काठमांडू लिव्हिंग लॅब्ज’ नावाची संस्था निघाली. ओपन स्ट्रीट मॅप या सर्वांसाठी खुल्या नकाशावर तिथल्या तरुणांनी खोऱ्यातल्या शाळा आणि दवाखाने एकेक करून नोंदवले. २५ एप्रिल २०१५ ला भूकंप झाला तेव्हा नोंदींचा तो पाया तयार होता, त्यावर जगभरातून हजारो लोकांनी भर घातली आणि मदत पोचवणाऱ्यांनी ते नकाशे वापरले.

आता थोडी कडू बाजू, ती न सांगणं अप्रामाणिकपणाचं होईल. हे सगळं काम फुकटचं आहे. त्यातून नोकरी लागेलच असं मी कुणाला सांगणार नाही. काहींना लागते, कारण काम जगासमोर उघडं असतं आणि जाणकाराच्या नजरेला पडतं. पण फुकट राबायला आधी पोट भरलेलं असावं लागतं. ज्या मुलाला दिवसभर दुकानात उभं राहायचंय, त्याला रात्री बेरजा करायचं त्राण कुठून येणार? मुलींचं आणखी अवघड. भाऊ मोबाइल घेऊन बसला तर तो अभ्यास करत असतो आणि बहीण बसली तर ‘कुणाशी बोलतेस?’ असं विचारलं जातं. बहुतेकांकडे लॅपटॉप नसतोच. पाच-सहा इंचांच्या पडद्यावर तक्ता भरून बघा म्हणजे कळेल. तेव्हा जी मुलं पुढे आलेली दिसत नाहीत ती आळशी आहेत, असा हिशेब कुणी मांडू नये.

आणखी एक गोष्ट. कोविडच्या त्या संकेतस्थळाने ३१ ऑक्टोबर २०२१ ला काम थांबवलं. मुलं दीड वर्ष राबली होती, त्यांना आपापल्या नोकऱ्या आणि शिक्षण होतं. पण एका सकाळी पाटी उतरवून ते निघून गेले नाहीत. ऑगस्टमध्येच त्यांनी सांगून टाकलं की आम्ही अमुक तारखेला थांबणार. सगळी माहिती आणि प्रोग्राम आधीपासून उघडे होते, कुणीही उचलून पुढे न्यावेत. आणि दुसऱ्यांनी ते उचललेही. आपल्याकडच्या कितीतरी संस्था अध्यक्षांचं वय झालं तरी थांबत नाहीत आणि कपाटाच्या किल्ल्याही देत नाहीत. माफ करा, यात कुणाकडे बोट दाखवायचा हेतू नाही.

किल्ल्यांचा विषय निघालाच आहे तर कार्यकर्त्यांना एक विनंती करतो. हे सभागृह व्याख्यानमालेचे दिवस सोडले तर संध्याकाळी बंद असतं असं चहाच्या वेळी तुम्हीच मला सांगितलंत. वीज आहे, पंखे आहेत, खाली ग्रंथालयात संदर्भाची पुस्तकं आहेत. दोन जुने कॉम्प्युटर, एक वायफाय आणि रात्री नऊपर्यंत उघडं दार, एवढं इथे होऊ शकतं. आठवड्यातले दोन दिवस फक्त मुलींसाठी ठेवा, म्हणजे घरी ‘वाचनालयात जाते’ असं सांगून त्यांना निघता येईल. सुरुवात आपल्या गावाच्या पानापासून करा. माहिती सांगायला पहिल्या रांगेतली ज्येष्ठ मंडळी आहेत: शाळा कधी निघाली, धरणात कुठली वाडी गेली, आठवडी बाजार आधी कुठे भरायचा. ते सांगतील, मुलं त्याला छापील पुरावा शोधतील, आणि पुरावा नाही सापडला तर ज्येष्ठांनी रागवायचं नाही. माझं मानधनाचं पाकीट अजून तुमच्याकडेच आहे, ते वायफायच्या पहिल्या बिलाला लावा.