बेवडा ठरण्याच्या आधी

सालेकसा-देवरीपासून अर्जुनी मोरगावपर्यंत, गोंदिया जिल्ह्याच्या आठही तालुक्यांतून आलेल्या समुपदेशक मित्रमैत्रिणींनो,

अध्यक्षाने आधी यजमान गावाचे गुणगान करावे अशी रीत आहे, आणि गोंदियाबद्दल सांगण्यासारखे पुष्कळ आहे. आमगावजवळचे पदमपूर हे भवभूतीचे गाव, असे इथले अभ्यासक मानतात. धान, तेंदूपत्ता, बिडी आणि रेल्वे यांनी हे शहर घडवले. पण तुम्ही मला बोलावले आहे ते व्यसनांचे निदान आणि उपचार यांवर बोलायला, तेव्हा थेट तिकडेच वळतो.

आपल्या जिल्ह्यात व्यसनाचे निदान होत नाही असे नाही. होते, पण ते गाव करते. माणूस भरदुपारी बसस्टँडवर पडलेला दिसला, बायको लेकरं घेऊन माहेरी गेली, धानाची बांधी गहाण पडली, की गाव एका शब्दात निकाल देते, ‘बेवडा’. त्यानंतर त्याला आपल्यापुढे आणून बसवतात. तोवर आजार जुना झालेला असतो, आणि त्याहून वाईट म्हणजे गावातल्या बाकीच्या पिणाऱ्यांना अभय मिळालेले असते. ‘मी काही त्याच्यासारखा बेवडा नाही जी’ हे वाक्य तुम्ही सगळ्यांनी ऐकले आहे. आज मला बोलायचे आहे ते हे वाक्य म्हणणाऱ्या माणसाबद्दल.

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेले देशव्यापी सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यांतल्या ५.७ कोटी लोकांना मदतीची गरज आहे. या ५.७ कोटींपैकी पुरते अवलंबित झालेले साधारण २.९ कोटी. म्हणजे मदतीची गरज असलेल्यांपैकी जवळपास निम्मे अजून तिथवर पोचलेले नाहीत. त्यांची दारू त्यांना अपाय करते आहे, पण हात सकाळी थरथरत नाहीत. गावाच्या हिशेबात ते शहाणे, आणि आपल्या नोंदवहीत त्यांचे नावच नाही. जे अवलंबित आहेत त्यांच्यातही अडतिसांत एकालाच कुठला तरी उपचार मिळाला, असे तेच सर्वेक्षण सांगते.

या मधल्या माणसाला ओळखायचे कसे? नजरेने नाही, वासाने तर नाहीच. जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ नावाची दहा प्रश्नांची चाचणी आपण सगळे प्रशिक्षणात शिकलो आणि बहुतेकांनी फाइलमध्ये ठेवून दिली. तिच्यातला तिसरा प्रश्न विचारतो, एका बैठकीला सहा किंवा जास्त प्रमाण-पेये किती वेळा होतात? एक प्रमाण-पेय म्हणजे साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. आता आपला माणूस म्हणतो, ‘थोडीशीच घेतो जी, एक पव्वा.’ पव्वा म्हणजे १८० मिलिलिटर. विदेशी म्हणून विकल्या जाणाऱ्या दारूत ४२.८ टक्के अल्कोहोल असते. हिशेब करा, वजनात ते साधारण ६० ग्रॅम भरते. त्याच्या ‘थोडीशी’त सहा प्रमाण-पेये आली, आणि ती रोजची आहेत. ऑडिटमध्ये आठ किंवा अधिक गुण झाले की सावध व्हायचे, सोळापासून पुढे समुपदेशन, आणि वीस किंवा अधिक असले की आपण एकट्याने हाताळायचे नाही, मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवायचे.

घरच्या मोहाच्या दारूला हे गणित लागू पडत नाही. भट्टी बदलली की तिची ताकद बदलते. तिथे ग्रॅम मोजू नका, दिवस मोजा. सकाळी पहिली कधी घेतो, कामाचे किती दिवस गेले, किती प्यायचे ठरवले होते आणि किती झाली, हे विचारा. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या डीएसएम-५ या २०१३ च्या ग्रंथात व्यसनविकाराचे अकरा निकष आहेत आणि त्यांत प्रमाणाचा आकडा मुळी नाहीच. गेल्या बारा महिन्यांत दोन-तीन निकष लागू झाले तर विकार सौम्य, चार-पाच झाले तर मध्यम, सहा किंवा अधिक झाले तर तीव्र. आधीच्या आवृत्तीत ‘गैरवापर’ आणि ‘अवलंबन’ असे दोन वेगळे कप्पे होते. ते काढून एकच पट्टी केली गेली. मला हा बदल मोलाचा वाटतो, कारण आपला मधला माणूस त्या पट्टीवर बसतो. कप्प्यांच्या हिशेबात तो नेहमी निसटत होता.

त्या निकषांपैकी एकाला आपल्याकडे चक्क कौतुक मिळते. मंडईच्या जत्रेत रात्री किंवा शंकरपटाच्या गर्दीत एखाद्याबद्दल अभिमानाने सांगतात, ‘भल्ली पेते, पण त्याले चढत नाही.’ चढत नाही हे लक्षण आहे. त्याच्या मेंदूने दारूशी जुळवून घेतले आहे आणि पूर्वीचा परिणाम मिळवायला आता जास्त लागते. याच माणसाकडे आधी जायला हवे.

इथे एक तोल सांभाळावा लागतो. गोंड आणि हलबा समाजात मोहाची दारू देवापुढे ठेवतात, जन्मात-मरणात तिला जागा आहे. पूजेला घेतलेली दारू हा आजार नव्हे, आणि शहरातून आलेल्या समुपदेशकाने पहिल्याच भेटीत नाक मुरडले तर दुसरी भेट होत नाही. पण ‘ही आमची परंपरा’ या वाक्याखाली रोजचे पिणे झाकले जाते, हेही तितकेच खरे. तो फरक समाजातली म्हातारी माणसे आपल्यापेक्षा बरा ओळखतात. त्यांना विचारा, देवाची किती आणि याची किती.

आता सगळ्यात गंभीर मुद्दा. आपल्या सल्ल्याने माणूस मरू शकतो. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याला आपण कळकळीने सांगतो, आजपासून थेंबही घ्यायचा नाही. तो मनावर घेतो आणि बंद करतो. नवरात्राचे नऊ दिवस पाळायला बसतो, किंवा मांडीचे हाड मोडून वॉर्डात भरती होतो आणि दारू आपोआप तुटते. सहा ते चोवीस तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो. फिट आलीच तर बहुधा पहिल्या ४८ तासांत येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होतो. असा माणूस चादरीवर नसलेले किडे वेचतो, भिंतीशी बोलतो, नातेवाइकांना ओळखत नाही. घरचे म्हणतात बाहेरची बाधा झाली, देवीचा कोप झाला. मांत्रिकाकडे रात्र जाते आणि उपचार न मिळाल्यास जीवही जातो. याला औषध आहे. लोराझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड यांसारख्या गोळ्या डॉक्टर उतरत्या मात्रेत देतात. ‘सलाईन लावा’ हा आपल्याकडचा पहिला आग्रह असतो. पण उपाशीपोटी पीत राहिलेल्या माणसाला ग्लुकोजच्या आधी थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, द्यावे लागते. नाहीतर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका असतो. म्हणून ‘सोडा’ म्हणण्याआधी आपण दोन प्रश्न विचारायचे: शेवटची कधी घेतली, आणि पूर्वी बंद केली तेव्हा फिट आली होती का, भास झाले होते का? दुसऱ्याचे उत्तर ‘हो’ असेल तर त्याच दिवशी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाचा रस्ता दाखवायचा, जमल्यास सोबत जायचे. प्रेरणा, संवाद वगैरे नंतर.

दारूबंदीवर तुम्ही माझे मत विचाराल, म्हणून थोडक्यात सांगून टाकतो. वर्ध्यात १९७५ पासून बंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपुरात २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. बायकांनी मतदान करून गावातले दुकान बंद पाडले तर मला आनंदच होतो. पण ज्या दिवशी दुकान बंद होते, त्या दिवशी त्या गावात कोणाला फिट येईल याची यादी समुपदेशकाकडे असली पाहिजे. बंदीच्या बाजूचे आणि विरोधातले, दोघेही भाषणात ही यादी मागत नाहीत.

आता मधल्या माणसाकडे परत येतो, कारण त्याच्यासाठी चांगली बातमी आहे आणि ती आपल्या शेजारच्या गोव्यातून आलेली आहे. ‘संगत’ या संस्थेने तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. ऑडिटमध्ये १२ ते १९ गुण मिळालेल्या ३७७ पुरुषांपैकी काहींना नेहमीचा उपचार मिळाला, आणि काहींना त्याच्या जोडीला जास्तीत जास्त चार बैठकांचे समुपदेशन. बैठका घेणारे डॉक्टर नव्हते, मानसिक आरोग्याचे व्यावसायिक शिक्षण घेतलेलेही नव्हते. प्रशिक्षण दिलेली स्थानिक साधी माणसे होती. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्क्यांचे पिणे अपायाच्या रेषेखाली आले, दुसऱ्या गटात २६ टक्क्यांचे. आदल्या चौदा दिवसांत अजिबात न प्यायलेले एकीकडे ४२ टक्के, दुसरीकडे १८. वैद्यकीय जगात मानाच्या ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आले. समुपदेशन घेऊनही बरेच जण रेषेच्या वरच राहिले, हेही त्याच आकड्यांत दिसते, आणि वीस किंवा अधिक गुणांचे लोक त्या प्रयोगात घेतलेच नव्हते. तरी आशाताई आणि गावातला बारावी झालेला तरुण काय करू शकतात याचा हा पुरावा आहे. चार बैठका म्हणजे किती? आपल्याकडे व्यसनमुक्तीच्या एका शपथ-कार्यक्रमाच्या मांडवाला याहून जास्त तास लागतात.

त्या बैठकीत बोलायचे कसे? विल्यम मिलर आणि स्टीफन रोलनिक यांनी मांडलेली पद्धत आपण ‘प्रेरक मुलाखत’ म्हणून शिकलो. तिचा गाभा असा की बदलाची कारणे समोरच्याच्या तोंडून यावीत. समजा, राईस मिलमधला हमाल समोर आहे. मी सांगतो तो चेहरा कुणा एकाचा नाही. दारूचे तोटे सांगू नका, ते त्याला पाठ आहेत. आधी विचारा, घेतल्यावर बरे काय वाटते? तो म्हणतो, ‘पाठ दुखत नाही जी, झोप येते.’ हे उत्तर फुकट घालवू नका. पाठदुखीवर आणि झोपेवर दुसरे काही शोधले नाही तर दारू सुटणार नाही. मग विचारा, आणि नको वाटते असे काय? तो बराच वेळ गप्प बसतो. मधे बोलू नका, आपल्याला ती सवय फार आहे. मग तो म्हणतो, ‘पोरगी माझ्या ताटात जेवत नाही आता.’ यापुढचे बोलणे त्या ताटावर चालवा. लिव्हरची चित्रे दाखवू नका.

भिंतींवर रंगवलेल्या जाहिराती तुम्ही पाहता, ‘न सांगता दारू सोडवा’. पुडी वरणात कालवून द्या म्हणतात. त्या पुडीत काय आहे ते कोणी तपासलेले नसते. त्यात डायसल्फिराम असेल आणि वर तो माणूस प्यायला, तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, हृदयविकार असेल तर प्राणावर बेतते. हे औषध वाईट नाही, पण ते घेणाऱ्याला माहीत असावेच लागते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि अमली पदार्थांच्या विकारांचा समावेश आहे, म्हणजे संमतीचा आणि गोपनीयतेचा हक्क या रुग्णालाही आहे. उचलून नेऊन कोंडणाऱ्या, साखळीने बांधणाऱ्या केंद्रांना त्या कायद्यात थारा नाही. पत्नी थकून अशा केंद्राचा नंबर मागते तेव्हा तिला दोष देऊ नका. तिला पर्याय द्या. डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या, पुण्यातल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने रुग्णाइतकेच त्याच्या पत्नीलाही उपचाराचा भाग मानले. गोंदियातून निघणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस पुण्यावरून जाते हे खरे, पण मजुराला ती मजुरी बुडवून परवडत नाही. पत्नींचा गट तालुक्यातच बसवावा लागेल, आणि त्याला इमारत लागत नाही.

एक उलटी चूकही सांगतो. आपल्याकडे सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत. वेदनेचा झटका आलेला तरुण इंजेक्शनचे नाव घेऊन ते मागतो आणि कोणीतरी केसपेपरवर ‘व्यसनी’ लिहून टाकते. डीएसएम-५ स्पष्ट सांगते की डॉक्टरच्या देखरेखीखाली चालू असलेल्या औषधाला शरीर सरावले, किंवा ते तोडल्यावर त्रास झाला, तर ते दोन निकष मोजायचे नाहीत. कोणाला व्यसन आहे हे शोधणे जितके आपले काम, तितकेच कोणाला ते नाही हे ठामपणे लिहून देणेही.

शेवटी खर्रा. दारूवर परिषदा भरतात, खर्रा मात्र चहासारखा पुढे केला जातो. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीवर घोटून पानठेल्यावर डोळ्यांदेखत तयार होतो, शाळकरी पोरांच्या दप्तरातही सापडतो. गुटखाबंदी २०१२ पासून आहे, तरीही २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू खाणारे निघाले, धूम्रपान करणारे ३.८ टक्केच. नुसती सुपारीसुद्धा कर्करोगकारक आहे, असा निर्वाळा कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने दिलेला आहे. एकच प्रश्न विचारा, उठल्यावर पहिला खर्रा किती वेळाने? उत्तर अर्ध्या तासाच्या आत असेल तर निकोटिनचे अवलंबन जबर आहे. सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस चिडचिड सर्वांत जास्त असते, दोन ते चार आठवड्यांत ती ओसरते. हे आधी सांगितले तर माणूस टिकतो. आणि तोंड उघडायला सांगा. स्वतःची तीन बोटे उभी धरून आत जात नसतील तर तोंड आखडू लागले आहे, दंतवैद्याकडे पाठवा.

आपल्या बहुतेकांच्या केसपेपरवर खर्ऱ्याचा रकाना नाही. तो आजच आखून घ्या. जेवणानंतरच्या सत्रात तीन बोटांच्या तपासणीचे प्रात्यक्षिक आहे. त्याची सुरुवात व्यासपीठावरच्या आम्हा मंडळींपासून करावी, अशी संयोजकांना विनंती आहे. दोघांतिघांचे गाल मी मघापासून पाहतो आहे.