टाँग टेस्टर आणि आपले वीजबिल

(शाखेच्या अभ्यासवर्गातील भाषण)



बिल फुगून आले की आपण चार दिवस कुरकुरतो आणि मुकाट्याने भरतो. तक्रार केलीच, तर पुरावा विचारला जातो. हा पुरावा आपल्या हाती कसा येईल, तेवढेच आज सांगायचे आहे.

टाँग टेस्टर आपल्यापैकी अनेकांनी शेडमध्ये पाहिला आहे. तार न तोडता, तिच्याभोवती चिमटा बंद करून तो प्रवाह मोजतो. तारेतील एसी प्रवाहामुळे भोवती बदलते चुंबकत्व तयार होते आणि चिमट्यातील वेटोळ्यात त्या प्रमाणात छोटा प्रवाह उत्पन्न होतो. मात्र चिमट्यात एकच तार हवी. फेज आणि न्यूट्रल एकत्र धरल्यास जाणारा व येणारा प्रवाह एकमेकांना रद्द करतात, काटा शून्यावर राहतो. तरीही आकडा दिसला, तर प्रवाह कोठेतरी गळतो आहे. अशा वेळी मेन बंद करून वायरमनला बोलवा. तेथे जिवाशी गाठ आहे.

२३० व्होल्टवर २००० वॉटचा गिझर सुमारे ८.७ अँपिअर घेतो. रोज अर्धा तास चालला तर एक युनिट, महिन्याला तीस. पंखा, फ्रिज यांचा हिशेब इतका सरळ नाही. तेथे पॉवर फॅक्टर आड येतो. म्हणून टाँग टेस्टर मीटरची जागा घेत नाही, तो फक्त संशयाची दिशा दाखवतो.

आमच्या क्वार्टर्समध्ये एका सहकाऱ्याच्या घरी आम्ही सर्व बटणे बंद केली. मीटरनंतरच्या फेजवर तरीही ०.४ अँपिअर दिसले. मेन पाडताच जिन्यातला शंभर वॉटचा दिवा विझला! रात्रंदिवस जळणारा तो दिवा महिन्याला ७२ युनिटे त्याच्या माथी मारत होता. आकडे लिहून, शेजाऱ्यांच्या सह्यांनिशी अर्ज दिला. जिन्याची लाइन वेगळी झाली.

मीटरच्या सीलला हात लावू नका, उघड्या बोर्डाचे काम जाणकारालाच करू द्या. पण प्रत्येक शाखेने वर्गणी काढून एक टाँग टेस्टर घ्यावा. हक्क मागताना आवाज हवाच. त्याला आकड्याची जोड मिळाली की अर्ज सहजासहजी बाजूला सारता येत नाही.