तासाचे पैसे चौघींत

आम्ही चौघी वाशिमच्या कॉलेजात शिकतो आणि सध्या स्नूकर शिकतोय. टेबलाचे भाडे तासावर असते. म्हणून एकच तास घेतो, पैसे चौघींत वाटतो. स्वतःचा क्यू घेतलेला नाही. क्लबमधलाच टेबलावर लोळवून बघायचा. डगमगला तर वाकडा, दुसरा घ्यायचा.

सराव घरी फुकट होतो. रिकामी बाटली आडवी ठेवायची आणि सरळ काठी तिच्या तोंडातून, कडेला न लागू देता, मागेपुढे करायची. हात सरळ चालला की टेबलावरचा तास वाया जात नाही. कोनांचा अंदाज कॅरममुळे असतोच. लाल चेंडूला १ गुण, काळ्याला ७.

“हा काय पोरींचा खेळ आहे?” असं घरी ऐकलं. आम्ही सांगितलं, हा खेळ १८७५ साली जबलपुरात, इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांत सुरू झाला; आणि २०२५ मध्ये चेन्नईच्या अनुपमा रामचंद्रनने दोह्यात महिलांचं जागतिक विजेतेपद जिंकलं. मग परवानगी मिळाली: दुपारीच जायचं, चौघींनी मिळून.

तुम्हीही या. पाचवी आली तर वाटा आणखी कमी होईल!